इंजिन आधी आलं

इंजिन आधी आलं.
मुकुटबनच्या वळणावर उलटलेल्या गाडीतलं,
एक लिटर, तीन सिलिंडर,
कुशीला गोगलगायीसारखा टर्बो.
ट्रकच्या जुन्या टायरवर बसवलं त्याला,
वरून गोणपाट, गोणपाटावर कोळशाची धूळ.
वणीत उघडं काही राहत नाही.

हनीफचाचा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"नवरदेव घरात आहे बेटी,
आता घोडी पाहा."

मग टेप, टॉर्च आणि फडक्यात बांधलेलं चुंबक
घेऊन मी अख्खा मे महिना हिंडले.
शेहेचाळीस डिग्री. दाराच्या हँडलला हात लावायचा
तर आधी ओढणी गुंडाळायची.

मारेगावला डॉक्टर उरकुडेंची झेन.
हलकी, एकहाती. मन बसलंच होतं.
टेप टाकला: टर्बो समोर येतो,
त्याच्यात नि रेडिएटरमध्ये दोन बोटं.
दोन बोटांतून इथला उन्हाळा जात नाही.

घोन्स्याला जिनिंगवाल्याची कॉन्टेसा.
बॉनेट उघडलं तर अंगण.
"यात दोन बकऱ्या बी बांधता येतीन," सुमेध म्हणाला.
पण तिची ताकद जाते मागच्या चाकांना,
आमचं इंजिन आडवं बसणारं, पुढून ओढणारं.
शिवाय वजन. सावलीत ढकलायला चार माणसं लागली,
पाचवा मालक, तो नुसता भाव सांगत होता.

राजूरची एस्टीम लाल, पॉलिश मारलेली.
"पाय न ताई, आरशावानी हाय."
मी चुंबक लावलं, सरकवत नेलं
शॉकअपच्या बैठकीपर्यंत.
तिथं ते सुटून पडलं.
रंगाखाली लांबी, लांबीखाली गंज,
गंजाखाली काहीच नव्हतं.
"तुमाले गाडी घ्याची हाय का डॉक्टरकी कराची?"

मला बघायला आले होते तेव्हा
त्यांनीही म्हटलं होतं, जरा चालून दाखव.
मी चालले. दारापर्यंत,
आणि दारातून तशीच गॅरेजात.

येणारा-जाणारा विचारतो, किती पळेल?
बाबा पान्यानं पाठ खाजवत म्हणतात,
"पयनारी त कोनबी बनवते. थांबन का?"
म्हणून मी आता बॉनेटच्या आधी
चाकामागं वाकते, ब्रेकची डिस्क बघते,
बोटानं तिची कड चाचपते.
मालकांना वाटतं, हिचं काही पडलंय.

शिरपूरला कुंदा मेश्राम, निवृत्त नर्स.
चिंचेखाली त्यांची पांढरी एस्टीम,
सव्वीस वर्षं, एक मालकीण,
कागदावर ना बँक ना भाऊ.
रंग उडालेला, डाव्या दाराला बैलाचं शिंग लागलेलं,
पण बॉनेटची फट दोन्हीकडे सारखी
आणि चुंबक जिथं लावलं तिथं चिकटून बसलं,
बैठकीवर तर ओढूनही निघेना.
इंजिन त्यांनी मागच्याच साली विकलं होतं.
"रिकामी आहे," त्या म्हणाल्या, "बघून घे."

रिकामी नव्हती.
लसीच्या जुन्या पिशवीवर मांजर व्यालेली,
चार पिल्लं, कुणाचेच डोळे उघडले नव्हते.
मी टेप हळू सोडला, तिच्या शेपटीवरून.
उजवीकडून डावीकडे: बसतंय.
टर्बोपासून रेडिएटरपर्यंत: पूर्ण वीत.
मांजरीनं पट्टीवरचे आकडे बघितले
आणि पुन्हा पिल्लं चाटायला लागली.

पाचशे एक इसार दिला.
नर्सबाईंनी तो मोजला, ब्लाउजमध्ये ठेवला,
"तीन हप्ते हात लावायचा नाही."
अशा आवाजात, की ज्या आवाजापुढं
अख्ख्या शिरपुरानं दंड पुढं केला असेल.

तेव्हा नवरदेव अजून टायरवर.
रोज संध्याकाळी गोणपाट काढते,
प्लगच्या तीन भोकांत थेंब थेंब तेल सोडते,
पुली हातानं अर्धा फेरा फिरवते,
जाम होऊ नये म्हणून.
आतून एक ओला सुस्कारा येतो.
सुमेध चहाचे ग्लास विसळता विसळता विचारतो,
"उघडले का वो डोळे?"